व्हॉल्व्ह कुणाच्या हातात?

(मुकुंदवाडी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘क्रोमॅटिनमधील प्रथिनांच्या परस्परक्रियांचे संगणकीय प्रारूपण’. हे नाव मीच कळवलं होतं, त्यामुळे संयोजकांकडे तक्रार करायची सोय नाही. पत्रिका वाटायला गेलेल्या मुलाला एका आजोबांनी विचारलं म्हणे, “हे पाण्याबद्दल आहे का रे?” मुलगा म्हणाला, “नाही आजोबा, विज्ञानाबद्दल.” मला हा किस्सा कळला तेव्हा वाटलं, आजोबांचा अंदाज माझ्या शीर्षकापेक्षा बरा आहे. तेव्हा सुरुवात पाण्यापासूनच करतो.

नाथसागर जलाशय पैठणला भरतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पाइपातून पाणी शहरात येतं, टाकीत चढतं, टाकीतून मोठ्या लाइनीत, तिथून गल्लीच्या लाइनीत. पाइप सगळ्यांच्या दारापर्यंत सारखाच आलेला असतो. तरी एका गल्लीत हंडे सोमवारी भरतात आणि पलीकडच्या गल्लीत गुरुवारी. धरण किती टक्के भरलं हे आपण पेपरात वाचतो, पण पहाटे दार उघडून बाई शेजारणीला जे विचारते ते वेगळंच असतं : “लाइनमन आला का गं?” कारण पाणी धरणात असणं आणि पाणी नळाला असणं यांच्यामध्ये एक लोखंडी चाक आहे, आणि ते फिरवणारा एक हात आहे. २०१९ मध्ये आपल्या मुकुंदवाडी स्टेशनावरून लहान लहान मुलं कॅन घेऊन रेल्वेनं तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनला जायची आणि पाणी भरून परत यायची. ती बातमी जगभर छापून आली. त्या मुलांना ‘पुरवठा’ आणि ‘वितरण’ यांतला फरक कुठल्याही पाठ्यपुस्तकानं शिकवायची गरज नव्हती.

पेशीचंही असंच आहे. तुमच्या कातडीच्या पेशीत आणि स्वादुपिंडाच्या पेशीत डीएनए तोच. इन्सुलिन तयार करण्याचं जनुक दोन्हीकडे आहे, अक्षर न् अक्षर सारखं. पण कातडीत इन्सुलिन तयार होत नाही. माणसात प्रथिनांची कृती सांगणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि तांबड्या रक्तपेशींसारखे अपवाद सोडले तर ती सगळी सगळ्या पेशींत आहेत. मेंदू, कातडी, यकृत हा भेद कुठलं जनुक कुठं वाहतं आणि कुठं बंद राहतं, यातून येतो. २००१ साली मानवी जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा ‘जीवनाचं पुस्तक वाचलं’ असे मथळे आले. माझ्या मते तो फार तर पाइपलाइनचा नकाशा होता. व्हॉल्व्ह कुठं आहेत आणि कुणाच्या हातात आहेत, हे त्यात नव्हतं.

आता हे मराठवाड्याच्या मातीत आणून दाखवतो. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळजण जालना, बदनापूर, पैठण अशा गावांकडून इथं आलेले आहेत, कापूस ठाऊक नाही असं घर विरळा. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली, आणि २००२ साली तिच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, बोंडअळीनं ते झाड खाल्लं की ती मरावी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण जिवाणूचं जनुक कापसात नुसतं ठेवून भागत नाही. त्याच्या पुढं व्हॉल्व्ह लागतो. तो व्हॉल्व्ह घेतला होता फुलकोबीला रोग करणाऱ्या एका विषाणूकडून. हा विषाणू झाडात शिरला की आपली जनुकं झाडाकडून भराभर चालवून घेतो, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळीकडे उघडा राहील, असा हिशोब.

आणि तो हिशोब किती जुळला? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या डॉ. केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मोजमापं छापली. विष पानांत भरपूर. फुलांत आणि बोंडांच्या सालीत कमी. आणि झाडाचं वय वाढेल तसं सगळीकडेच उतरत जाणारं. जनुक तेच, झाड तेच, शेत तेच. अळीला नेमकं पान नको असतं, बोंड हवं असतं. म्हणजे टाकी भरलेली, पण शेवटच्या गल्लीला धार बारीक.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती शेतकऱ्यापर्यंत सहसा पोचत नाही. परकं जनुक कापसाच्या डीएनएत कुठं जाऊन बसेल हे आधी ठरवता येत नसे. एकाच जनुकाची, एकाच व्हॉल्व्हची शेकडो रोपं करायची. काहींत ते जोरात चालतं, काहींत मंद, काहींत मुळीच नाही. मग त्यांतलं एक चांगलं निवडायचं. त्या निवडीलाच बियाण्याच्या धंद्यात ‘इव्हेंट’ म्हणतात. आता जनुकही तेच आणि व्हॉल्व्हही तोच, तर फरक कशाचा? शेजाराचा. ते ज्या जागी बसलं तिथला डीएनए घट्ट गुंडाळलेला होता की सैल, याचा. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. पत्रिकेवरचा पहिला अवघड शब्द इथं संपला.

गुंडाळी का लागते, ते आकड्यांनी बघा. तुमच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो. ज्या केंद्रकात तो राहतो त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. म्हणून तो रिळांवर गुंडाळलेला असतो. एकेका रिळात हिस्टोन नावाची आठ प्रथिनं, त्यांच्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं, सुमारे पावणेदोन वेढे. या रिळाला न्यूक्लिओसोम म्हणायचं. एका पेशीत अशी तीनेक कोटी रिळं. रिळाखाली दबलेलं अक्षर वाचायला यंत्रणेला अडचण, दोन रिळांमधलं मोकळं अक्षर वाचायला सोपं. म्हणजे रिळ कुठं बसलंय यावर जनुक वाचलं जाईल की नाही हे बरंचसं ठरतं. आणि या रिळांच्या सैल शेपट्यांवर पेशी खुणा करून ठेवते, इथं उघड, इथं हात लावू नको.

(गाडी जाऊ द्या. स्टेशनाजवळ व्याख्यानमाला ठेवली की रेल्वेलाही दोन मिनिटं बोलू द्यावं लागतं.)

तर, हा व्हॉल्व्ह फिरवतं कोण? इथं पुण्याची एक गोष्ट सांगतो, कारण ही लांब परदेशातली गोष्ट नव्हे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथं डॉ. संजीव गलांडे यांचा गट एका प्रथिनाच्या मागे लागला होता. नाव सॅटबी-१. अमेरिकेत तेरूमी कोही-शिगेमात्सु यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं होतं, आणि गलांडे तिथं काम करून आले होते. शरीराचं संरक्षण करणाऱ्या टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात, तिथं हे प्रथिन भरपूर. २००३ साली कोही-शिगेमात्सु यांच्या गटानं दाखवलं की केंद्रकात ते पिंजऱ्यासारखं जाळं करून बसतं आणि डीएनएची वेटोळी त्या जाळ्याला बांधून ठेवतं. एकेक नळ बघत न बसता अख्खा झोन सांभाळणाऱ्या माणसासारखं.

२००६ मध्ये पुण्याच्या गटानं ‘मॉलिक्युलर सेल’मध्ये जे छापलं ते मला आजही वाचायला आवडतं. सॅटबी-१ ची साखळी ७६३ अमिनो आम्लांची. त्यांतल्या १८५ व्या जागेवर एक फॉस्फेट चिकटतो किंवा सुटतो. बस, एवढाच बदल. फॉस्फेट असला की सॅटबी-१ एचडॅक-१ नावाच्या प्रथिनाला हाताशी धरतं, आणि ते जनुक बंद ठेवतं. फॉस्फेट सुटला की तेच सॅटबी-१ पीकॅफ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाच्या हाती लागतं. ते त्याच्यावर अ‍ॅसिटिल गट चढवतं, डीएनएवरची पकड ढिली होते, आणि जनुक उघडतं. टी पेशीला शत्रूची चाहूल लागली की इंटरल्यूकिन-२ या प्रथिनाचं जनुक असं सुटतं. म्हणजे हात एकच. त्या हातात कुणाचा हात आहे, त्यावर तो चाक कुठल्या बाजूला फिरवणार हे ठरतं. डॉ. गलांडे यांना २०१० चा भटनागर पुरस्कार मिळाला. हेच सॅटबी-१ जिथं असायला नको अशा स्तनाच्या पेशींत वाढलं की कर्करोग पसरायला मदत करतं, हे २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. म्हणजे लाइनमन दुसऱ्याच वॉर्डात जाऊन सगळे व्हॉल्व्ह सोडून आला.

इथपर्यंत सगळं प्रयोगशाळेतल्या नळ्यांचं आणि पेशींचं काम. संगणक कशाला, असं तुम्ही विचाराल.

कारण माझी लाइनमनची उपमा इथं मोडते. गल्लीतला व्हॉल्व्ह एक माणूस येऊन उघडतो आणि तो उघडा राहतो. पेशीत तसं नाही. जनुकाच्या दाराशी डझनभर प्रथिनं येतात, काही सेकंद टेकतात आणि निघून जातात. लग्नाच्या मांडवात आहेराच्या टेबलापाशी जशी गर्दी असते तसं समजा : टेबल कधीच रिकामं नसतं, पण माणसं सतत बदलत असतात. तिथं ‘उघडं’ आणि ‘बंद’ हे शब्द खरं तर शक्यतेचे आहेत. तासातला किती वेळ दार मोकळं होतं? कोण आधी आलं की दुसऱ्याला जागा मिळते? हे नुसतं डोळ्यांनी बघून पुरतं समजत नाही, सूक्ष्मदर्शकातूनही नाही. हे मांडून बघावं लागतं, आणि मांडल्यावर जुळतंय की नाही ते तपासावं लागतं. घरखर्चाच्या वहीसारखं. माझ्या दृष्टीनं संगणकीय मॉडेल म्हणजे अशी वही. ती जुळली तर तुम्ही एक पायरी चढलात. पण नाही जुळली, तर कुठंतरी एक खर्च लिहायचा राहिलाय हे कळतं, आणि या धंद्यात कमाई त्यातच आहे.

या वहीत किती बारीक लिहायचं, हा पहिला प्रश्न. सगळ्यात बारीक म्हणजे अणू न् अणू. प्रथिनाची साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या कोनात वळूच शकत नाही, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये १९६३ साली केला. जगातल्या प्रत्येक प्रथिनाचं मॉडेल आजही त्या नकाशावर टाकून तपासतात. अणूंच्या पातळीवर हिशोब करायचा तर प्रत्येक पाऊल सेकंदाच्या एक अब्जांशाच्या दोन दशलक्षांशाएवढं घ्यावं लागतं. पेशीतला एक मायक्रोसेकंद बघायला ५० कोटी पावलं. प्रत्येक पावलाला लाखो अणू एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात ते नव्यानं मोजायचं. म्हणून महासंगणक लागतो. अमेरिकेनं क्रे महासंगणक नाकारल्यावर पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, हे तुम्ही शाळेत वाचलंय. त्याच घराण्यातला परम ब्रह्म २०१९ पासून पुण्याच्या आयसरमध्ये आहे. पण एवढं सगळं करून तुम्ही एका रिळाचा जेमतेम एक क्षण बघता. आणि रिळं तीन कोटी.

म्हणून काही शहाणी माणसं उलट दिशेनं जातात. सगळं टाकून द्यायचं, एकच प्रश्न ठेवायचा. मुंबईच्या आयआयटीत रंजित पडिन्हातीरी आहेत, क्रोमॅटिनचा अभ्यास ते याच पद्धतीनं करतात. त्यांचं आणि अमेरिकेतल्या जॉन मार्को यांचं २०११ मधलं एक काम तुम्हाला मुकुंदवाडीच्या चौकात उभं राहून सांगता येतं.

जालना रोडवर चौकातला रिक्षा स्टँड डोळ्यांपुढं आणा. आखलेले पट्टे नाहीत. पहिला रिक्षावाला येतो, मनाला येईल तिथं लावतो. दुसरा येतो, जिथं पूर्ण रिक्षा मावेल अशा कुठल्याही जागी लावतो. असं करत करत शेवटी एकही नवी रिक्षा मावत नाही अशी वेळ येते. पण तेव्हा स्टँड भरलेला असतो का? नाही. मध्ये मध्ये अर्ध्या रिक्षेच्या, पाऊण रिक्षेच्या फटी राहतात. आल्फ्रेड रेन्यी नावाच्या हंगेरियन गणितज्ञानं १९५८ साली सिद्ध केलं, की अशा बेशिस्त पार्किंगमध्ये रस्ता लांबलचक असला तर सरासरी ७५ टक्क्यांच्या किंचित खाली भरतो आणि अडकतो. ७४.७६ टक्के, अगदी नेमकं हवं असेल तर.

आता डीएनएच्या रस्त्यावर न्यूक्लिओसोमच्या रिक्षा लावा. एका रिक्षेची लांबी १४७ अक्षरं. यीस्ट, म्हणजे पाव फुगवायचं किण्व, त्यात दर १६५ अक्षरांना एक रिळ असतं. भागाकार करा : ८९ टक्के. म्हणजे आपण होऊन येऊन बसण्यानं जे ७५ ला अडकायला हवं, ते प्रत्यक्षात ८९ पर्यंत भरलेलं आहे. वही जुळत नाही! चौदा टक्क्यांचा खर्च कुठंतरी राहिलाय. पडिन्हातीरी आणि मार्को यांच्या मॉडेलनं दाखवलं की इथं कुणीतरी रिक्षा ढकलणारा पाहिजे. सरकवून फटी एकत्र करणारा, आणि प्रसंगी एखादी उचलून बाजूला काढणारा. अशी यंत्रं पेशीत आहेतच. एटीपी हे पेशीचं इंधन जाळून रिळं सरकवणारी, उचकटून टाकणारी विकरं प्रयोगशाळेत आधीच सापडली होती. प्रश्न होता ती कशासाठी आहेत आणि त्यांच्यावाचून अडतं का. मॉडेलचं उत्तर, नुसतं सरकवणं आणि अधूनमधून काढून टाकणं, दोन्ही मिळून दाट भरणाही होतो आणि जनुकाच्या दाराशी रांगही सरळ लागते. सारं इंधनाच्या जोरावर. पेशी रोज जे खाते त्यातलं काही निव्वळ पार्किंग लावण्यात जातं.

मला हे काम आवडतं याचं कारण त्यात एकही अणू नाही. काय टाकून द्यायचं हे ज्याला कळलं त्याला मॉडेल कळलं.

मुंबईचंच दुसरं काम याहून गोड आहे. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते, पण रिळांवरच्या खुणांचं काय? जुनी रिळं दोन मुलींमध्ये वाटली जातात, साधारण निम्मी इकडं, निम्मी तिकडं, कोणतं कुठं जाईल याला नेम नाही. उरलेल्या जागी नवी कोरी रिळं येतात. म्हणजे प्रत्येक मुलीकडे आईच्या खुणांचं अर्धवट पान. तरी यकृताच्या पेशीची मुलगी यकृताचीच होते. ती ते पान पुरं करते कसं?

अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढलीय आणि वाऱ्यानं निम्मे ठिपके उडाले असं समजा. घरातल्या काकू बाहेर येतात. जिथं दोन ठिपक्यांमध्ये एक-दोन जागा रिकाम्या आहेत तिथं त्या न विचारता ठिपके भरतात, कारण इतकी छोटी फट वाऱ्याचीच असणार. पण जिथं आठ-दहा जागा सलग रिकाम्या दिसतात तिथं त्या हात आखडतात, इथं मुळातच काही नसावं. २०२२ मध्ये निथ्या रामकृष्णन, सिबी राज पिल्लै आणि रंजित पडिन्हातीरी यांनी नेमका हा काकूंचा नियम गणितानं मांडला. एका ठरावीक लांबीपेक्षा छोटी फट भरायची, मोठी सोडायची. पिल्लै हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. फोनवर आवाज तुटला तर यंत्र हरवलेला तुकडा कसा ओळखतं, या शास्त्रातली माणसं. त्यांच्या शास्त्रात ‘सर्वोत्तम अंदाज’ कशाला म्हणायचं याची कडक व्याख्या आहे, आणि काकूंचा साधा नियम त्या व्याख्येच्या अगदी जवळ जातो. पेशीतल्या विकरांना गणित येत नाही. पण शेजारच्या खुणेला धरून पुढच्या रिळावर खूण करणारी विकरं आहेत, आणि त्यांचा हात फार लांब पोचत नाही. नियम त्या हाताच्या लांबीतच आहे.

आता मॉडेल चुकतं तेव्हा काय होतं, ते सांगायला हवं, नाहीतर मी जाहिरात करून गेलो असं होईल. पुन्हा सॅटबी-१ कडे या. २००१ मध्ये या प्रथिनाच्या पुढच्या टोकाची अक्षरं संगणकानं इतर प्रथिनांशी ताडून बघितली आणि अंदाज आला, की हा भाग पीडीझेड नावाच्या घडीसारखा आहे, आणि इथं दोन सॅटबी-१ एकमेकांना जोडली जातात. बरीच वर्षं सगळे तसंच लिहीत होते. २०१२ मध्ये चीनमधल्या एका गटानं त्या टोकाचे स्फटिक केले, क्ष-किरणांनी रचना काढली. घडी पीडीझेडची नव्हतीच, युबिक्विटिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनासारखी निघाली. आणि जोडी दोघांची नव्हे, चौघांची. म्हणजे अंदाज फसला? चेहरा ओळखण्यात फसला. पण त्या जुन्या शोधनिबंधाचा गाभा असा होता, की या टोकानं सॅटबी-१ एकमेकांना धरून ठेवतात, आणि मरणाऱ्या पेशीत ते टोक कापलं गेलं की प्रथिन डीएनएवरून गळून पडतं. तो गाभा टिकला. माणसाचं नाव चुकलं, काम बरोबर सांगितलं होतं.

माझी स्वतःची चूक इतकी सुसंस्कृत नव्हती. संशोधक विद्यार्थी असताना, शहराचं नाव राहू दे, मी दोन प्रथिनं संगणकावर एकमेकांत बसवली. कुलूप-किल्लीसारखी बसली. गुण इतके छान आले की मी ते चित्र छापून टेबलासमोर लावलं. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवून तीन महिने घालवले. काही चिकटलं नाही. मग एक दिवस तिनं विचारलं, “याची शेपटी कुठंय?” त्या प्रथिनाला एक लांब, सैल, आकार नसलेली शेपटी होती. ती मध्ये मध्ये येत होती, गणना लांबत होती, म्हणून मी ती कापून टाकली होती. पकड त्या शेपटीतच होती. मघाशी म्हटलं, काय टाकून द्यायचं हे कळलं त्याला मॉडेल कळलं. ते वाक्य मला कुणी शिकवलं नाही, तीन महिन्यांना पडलंय. तेही दुसऱ्याच्या.

ही शेपटीची अडचण आजही मिटलेली नाही. अल्फाफोल्डचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यासाठी हसाबिस आणि जम्पर यांना, आणि नवी प्रथिनं घडवण्यासाठी बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अमिनो आम्लांची साखळी दिली की घडी सांगतो, आणि २०२४ ची आवृत्ती तर प्रथिन डीएनएवर कसं बसेल तेही सांगते. अफाट काम आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण क्रोमॅटिनमधल्या प्रथिनांना शेपट्या फार. तिथं तो विस्कटलेली दोरी काढतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की इथं माझा भरवसा धरू नका. हिस्टोनच्या खुणा नेमक्या त्या शेपट्यांवर असतात.

आणि मॉडेलनं आधी सांगितलं, नंतर डोळ्यांनी दिसलं, असंही घडलंय. डीएनएची वेटोळी कशी होतात? २०१५-१६ च्या सुमाराला दोन अमेरिकी गटांनी संगणकावर दाखवलं की कोहेसिन नावाची कडी डीएनएला धरून दोर ओढावा तशी ओढत गेली, आणि ठरावीक खुंट्यांशी थांबली, तर वेटोळ्यांचे प्रत्यक्षात मिळणारे नकाशे जुळतात. बऱ्याचजणांना ती निव्वळ कल्पना वाटली. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला कोहेसिनचं भावंड असलेलं कंडेन्सिन एकाच डीएनएच्या धाग्याला ओढून वेटोळं करताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, चक्क चालू चित्रपटासारखं. गंमत म्हणजे मधल्या काळात, २०१७ मध्ये, कोहेसिन काढून टाकल्यावर वेटोळी नाहीशी झाली, पण बहुतेक जनुकांचा आवाज फारसा बदलला नाही. मग एवढा दोर ओढायचा कशाला? वही पुन्हा उघडली गेली. ती अजून उघडीच आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्या सरांकडे मी आठवीत होतो. सर फळ्यावर उत्तर लिहायचे नाहीत. एक आकडा लिहायचे आणि म्हणायचे, हा कुठून आला ते सांगा. मघाचा ८९ चा आकडा आज मी त्यांच्यासाठी आणला होता.

या सभागृहात पहिल्या दोन रांगांत अकरावी-बारावीची मुलं आहेत. तुमच्यापैकी कुणालाही हे काम करायला पुणे-मुंबईची परवानगी लागत नाही. १९९७ मध्ये झुरिकला न्यूक्लिओसोमची जी रचना काढली ती प्रोटीन डेटा बँकेत फुकट ठेवलेली आहे. तिचा क्रमांक १एओआय (1AOI). घरी गेल्यावर मोबाइलवर तेवढी चार अक्षरं टाका, रिळ समोर फिरेल. सैल शेपट्यांचा थोडासाच भाग बाहेर डोकावताना दिसेल, तो नीट बघा.

आणि रिक्षांचा हिशोब करायला तर मोबाइलही लागत नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी याच सभागृहात बसणार आहे. चौकटीची वही आणि दोन फासे घेऊन या. पाणी यायचा दिवस असेल तर आधी हंडे भरा, मग या. मी थांबतो.